दस्तीखालचा होकार

उदगीरच्या मोंढ्यात ‘रुद्राणी अमृतराव बिरादार कोण?’ असे विचारले, तर चार माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतील. पण ‘अक्का कुठे बसतात?’ एवढेच विचारले की हमाल पाठीवरचे पोते न उतरवता हनुवटीने दुकान दाखवील. मूठभर तूर तळहातावर घेऊन, एक दाणा दाताखाली फोडून, ‘पाटील, माल अजून दोन उन्हं मागतो,’ असे ती म्हणाली की शेतकरी वाद घालत नाही. पोत्याचे तोंड पुन्हा बांधतो. कमालनगरकडचे लोक तिच्याशी कानडीत भांडतात, मुखेडकडचे मराठीत, आणि ती दोघांनाही ज्याच्या त्याच्या भाषेत गप्प करते.

लातूरच्या महाविद्यालयातून बी.कॉम. होऊन ती भालकीला सून म्हणून गेली होती. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी नवरा अपघातात गेला. अशा मुलीला माहेरी आणून देवघराशेजारच्या खोलीत बसवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. तिला जेवायला मिळते, सहानुभूती मिळते आणि आयुष्य तेवढे मिळत नाही. अमृतरावांनी तिला घरी आणले आणि पंधरवडा उलटायच्या आत सरळ अडतीच्या गादीवर बसवले. ‘लोक काय म्हणतील?’ असे अव्वाने, म्हणजे आईने, विचारले, तेव्हा ते म्हणाले होते, “लोक तूर आणतील. दुसरं काय?”

लोकांनी खरोखरच तूर आणली. पाठोपाठ हरभरा आणला, सोयाबीन आणले आणि स्वतःची भांडणेही आणली. अव्वा गेली, अमृतरावांचे गुडघे गेले, आणि दुकान हळूहळू संपूर्ण रुद्राणीच्या अंगावर आले. दुकानाची जागा मात्र अमृतरावांच्या नावावर राहिली. परवाना त्यांचा, बँकेचे खाते त्यांचे, पाटीवरचे नावही त्यांचेच. ही जागा त्यांनी स्वतःच्या कमाईतून घेतली होती. वाडवडिलांचा तिच्याशी संबंध नव्हता. ‘घरचंच तर हाय, नावात काय ठेवलंय?’ असे बाप म्हणायचा आणि लेकही म्हणायची. आपल्या समाजात बाईला विश्वास पायलीने मोजून मिळतो, सही करण्याचा हक्क चिमटीनेही मिळत नाही. आणि या अन्यायाला दोन्ही बाजू प्रेम म्हणतात, म्हणून त्याची तक्रार कुणीच नोंदवत नाही.

दिवाळीनंतर अमृतराव इष्टलिंगाची पूजा करता करता एका अंगावर कलंडले. नांदेडच्या दवाखान्यात जीव वाचला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, आणि वाचा गेली. गेली म्हणजे सबंध गेली असती तरी बरे झाले असते, कारण एक शब्द मागे उरला आणि त्यानेच घोळ केला. तो शब्द ‘बरं’. पाणी हवे का? बरं. पाणी नको का? बरं. आज कोणता वार? बरं. डॉक्टर म्हणाले, “यांना समजतं सगळं, बोलता येत नाही. मेंदूचं बोलण्याचं ठिकाण दुखावलंय. पण दुसरा झटका आला, तर समज राहील की नाही, हे मी सांगू शकत नाही.” त्यांनी तसा दाखलाही लिहून दिला.

आपल्या देशात डॉक्टरच्या दाखल्यापेक्षा शेजाऱ्याच्या मताला वजन जास्त. गावभर झाले की अमृतरावांची बुद्धी गेली. ते ऐकून पुण्याहून धाकटा भाऊ राजशेखर आला. तो वाईट मुलगा नव्हता. वाईट असता तर त्याच्याशी भांडणे सोपे गेले असते. बापाच्या उशाशी बसून त्याने विचारले, “अप्पा, पुण्याला चलता?” अप्पा म्हणाले, “बरं.” राजशेखरने बहिणीकडे पाहिले. “बघ. तेच म्हणतायत.”

“दाराकडं बोट दाखवून ‘घोडा हाय का’ म्हणून इचार. तरी बरंच म्हणतील,” रुद्राणी म्हणाली.

“म्हणजे बुद्धी गेली, हे तूच कबूल करतेस.” तो शांतपणे बोलत होता. “अक्का, मी संभाजीनगरच्या खंडपीठात अर्ज करतोय. पालक म्हणून मला नेमा, अशी मागणी आहे. अप्पांना पुण्याला नेतो. दुकानाला गिऱ्हाईक आहे. तुझी काळजी मी घेईन. किती वर्षं पोत्यांत मरणार आहेस?”

पोत्यांत ती मरत नव्हती, पोत्यांतच जगत होती; पण हे पुण्याच्या माणसाला समजावण्यासाठी लागणारा धीर तिच्याकडे त्या दिवशी नव्हता. त्याला तिने जेवू घातले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लातूरची एसटी धरली.

शिल्पा वकील लातूरला कोर्टासमोरच्या गल्लीत बसतात. जीभ धारदार, हृदय मऊ, आणि पदरी आलेल्या पक्षकाराला आधी रागावून मग चहा पाजणाऱ्या. “अशिलाला पाहिल्याशिवाय मी कागद करत नाही,” म्हणून त्या स्वतः उदगीरला आल्या आणि अमृतरावांच्या पलंगापाशी खुर्ची ओढून बसल्या.

“मुखत्यारपत्र करू,” त्या म्हणाल्या. “तुमच्या नावानं. दुकान चालवणं, बँक, परवाना, सगळे अधिकार. दस्तनोंदणीच्या निबंधकांना गृहभेटीला बोलावू. आजारी माणसासाठी ते घरी येतात. पण अक्का, एक गोष्ट आत्ताच ऐकून ठेवा. अप्पा शुद्धीत हायेत, तोवरच त्या कागदात जीव. उद्या दुसरा झटका आला, समज गेली, की मुखत्यारपत्र संपलं.”

“संपलं म्हणजे?”

“रद्दी.”

रुद्राणीचा आवाज चढला. “मॅडम, बाप हिंडूफिरू शकत असताना मला मुखत्यारपत्र कशाला? त्याची समज गेली तरच गरज ना? म्हणजे कुंपण लावायचं, आणि ढोरं आली की ते आपणहून उठून जाणार?”

“हाव. तसंच हाय.” शिल्पाताईंनी चष्मा पुसला. “परदेशात एक टिकाऊ मुखत्यारपत्र असतं म्हणे. माणसाची बुद्धी गेली तरी चालू राहतं. शहाणी माणसं धडधाकट असतानाच, मृत्युपत्राच्या जोडीनं तेही करून ठेवतात. आपल्या कायद्यात ती सोय न्हाई. माणूस शुद्धीत असेल तर मुखत्यारपत्र, मेला तर मृत्युपत्र. मधे श्वास चालू आणि समज बंद असेल, तर घरच्यांनी हायकोर्टाच्या पायऱ्या चढायच्या.”

“आणि तिथं माझा भाऊ आधीच उभा हाय.”

“म्हणून तर घाई करून राहिले.”

पलंगावर अमृतराव आढ्याकडे पाहत पडून होते. त्यांच्यासमोरच सगळे बोलणे झाले. आजाऱ्यासमोर त्याच्याविषयी असे बोलावे, जणू तो भिंतीवरची तसबीर आहे, ही आपली जुनी खोड. ती सुशिक्षितांनाही आहे आणि प्रेमळांनाही.

गृहभेटीचा दिवस ठरला. निबंधक आले ते एका सहायकाला घेऊन. त्याच्या बॅगेत कॅमेरा, लॅपटॉप आणि अंगठ्याचे यंत्र होते. निबंधक पन्नाशीचे, मोजके बोलणारे आणि नियमाने चालणारे गृहस्थ होते. पलंगाच्या एका बाजूला रुद्राणी आणि शिल्पाताई, दुसऱ्या बाजूला हाताची घडी घालून राजशेखर.

“अमृतरावजी, तुमच्या मुलीला मुखत्यार नेमायचं आहे?”

“बरं.”

“की मुलाला नेमायचं आहे?”

“बरं.”

निबंधकांनी चष्म्यावरून पाहिले. “मी तुमचं घर विकायला आलोय. चालेल?”

“बरं,” अमृतराव म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या.

राजशेखरने मान फिरवली. निबंधकांनी फाइल मिटली. “ताई, मला वाईट वाटतं, पण लिहून देणाऱ्याला दस्त समजतोय अशी माझी खात्री झाली नाही, तर मला नोंदणी नाकारावीच लागते. दाखला डॉक्टरांचा असला तरी खात्री माझी व्हावी लागते.”

“साहेब, नकार लिहू नका,” शिल्पाताई म्हणाल्या. “तुमचा तो शेरा हायकोर्टात आमच्या उरावर बसेल.”

ते अगदी खरे होते. त्या एका ओळीने अमृतराव कागदोपत्री वेडे ठरले असते आणि राजशेखरच्या अर्जाला आयता पुरावा मिळाला असता. दुकान गेले असते, बाप गेला असता, आणि रुद्राणीच्या उभ्या आयुष्याची नोंद कुठेच राहिली नसती.

तेवढ्यात सवयीने तिचा अंगठा लागला आणि मोबाइलवर मोंढ्यातल्या मुकादमाचा आवाज उमटला. तो रोज लिलाव सुटला की भाव बोलून पाठवायचा. “अक्का, तूर सात हजार...” एवढे ऐकताच तिने घाईने फोन बंद केला, पण बंद करताना तिची नजर गोधडीवर गेली. गोधडीखाली अप्पांचा डावा हात हलत होता. तो असा हलतो हे सगळ्यांना ठाऊक होते. व्यायाम करून घ्यायला येणारा मुलगा त्याला थरथर म्हणायचा. पण थरथरीला कधी थांबा असतो का? हा हात हलत होता, थांबत होता, मग पुन्हा तसाच हलत होता. दोन बोटे जवळ येत, अंगठा एका पेरावर दाबला जाई, मग मूठ उघडे.

रुद्राणी गोधडीवर वाकली. भाव कानावर पडला की हा हात बोलतो!

“साहेब!” ती जवळजवळ ओरडलीच. “तुम्हाला गावात आणखी कुठं जायचंय का?”

“किल्ल्याच्या बाजूला एक गृहभेट आहे.”

“ती करून माघारी या. तोवर नकार लिहू नका. एवढंच मागते.”

निबंधकांनी घड्याळ पाहिले, तिच्याकडे पाहिले. “परतताना येतो. त्यानंतर मात्र थांबणार नाही.”

ते जिन्यावरून उतरायच्या आतच ती रस्त्यावर होती.

पूर्वी मोंढ्यात भाव तोंडाने बोलत नसत. अडत्या आणि खरेदीदार एकमेकांचा हात धरत, वरून दस्ती पांघरत, म्हणजे खांद्यावरचे ते मोठे फडके, आणि त्याखाली बोटांनी सौदा होई. किती बोटे धरली, कोणत्या पेरावर दाबले, यावर आकडा. हात आवळून धरला तर सौदा मान्य. झटकला तर अमान्य. या रीतीला हत्ता म्हणत. शेतकऱ्याला आपल्याच मालाचा भाव कळत नसे, म्हणून पुढे ती बंद झाली, आणि झाली ते योग्यच झाले. रुद्राणी गादीवर आली तेव्हा उघडे लिलाव सुरू झाले होते. शिवाय परक्या पुरुषाने बाईचा हात दस्तीखाली धरायचा, हे उदगीरला कुणाच्या स्वप्नातही आले नसते. म्हणून मोंढ्यातले सगळे जाणणाऱ्या अक्काला नेमकी हीच एक भाषा येत नव्हती. ती येणारी माणसे एकेक करून गेली होती. उरला होता एकच. आणि तो अमृतरावांचा वैरी होता.

संगप्पा शेटजींचे दुकान रस्त्यापलीकडे. एका जुन्या सौद्यात एक बोट तू कमी धरलेस की मी, यावरून दोघांचे फाटले, ते तसेच राहिले. एकमेकांच्या घरचे पाणीही बंद होते.

रुद्राणी धापा टाकत त्यांच्या गादीसमोर उभी राहिली. “काका, दस्ती घेऊन घरी चला.”

संगप्पांनी अडकित्ता खाली ठेवला. “का? गेला का अमृत?”

“गेले न्हाईत. बोलून राहिलेत. बोटांनी. आणि ऐकणारं कुणी न्हाई.”

“त्याची बोटं लई खोटारडी हायेत.”

“असू द्या. तुमच्याशिवाय त्यांचं खोटं तरी कुणाला कळणार?”

म्हातारा खदाखदा हसला. “बापापेक्षा डांबरट हाय पोरगी,” असे म्हणत त्याने खुंटीवरची दस्ती ओढली.

घरी आल्यावर नवीच अडचण उभी राहिली. अमृतरावांचा उजवा हात निर्जीव होता आणि संगप्पा डाव्या हाताला हात लावेनात. “ह्या तळव्यावर इष्टलिंग ठेवून पूजा करतो आपण, पोरी. ह्या हातानं सौदा? माझ्या बापानं केला न्हाई, ह्याच्या बापानं केला न्हाई.”

आता उलगडले! एवढे दिवस घरातल्या कुणालाही, खुद्द तिलाही, तो हात सौदा करतोय असे का वाटले नव्हते? कारण पूजेचा हात व्यवहारात येत नाही, हे त्यांच्या रक्तात भिनलेले होते.

“काका,” रुद्राणी म्हणाली, “सौदा करायचाच न्हाई. खरं बोलायचंय. ज्या तळव्यावर लिंग बसतं, त्यानं खोटं बोलता येईल का?”

संगप्पांनी कपाळावरच्या विभूतीला हात लावला. मग सावकाश पलंगाच्या कडेला बसले, वैऱ्याचा डावा हात हातात घेतला आणि वर दस्ती टाकली. दस्तीखाली काहीतरी सळसळले. संगप्पांच्या भुवया वर गेल्या.

“काय म्हणतात?” राजशेखरने न राहवून विचारले.

“शिवी देऊन राहिला,” संगप्पा म्हणाले. “आमच्या खाणाखुणांत तीही हाय.”

अमृतरावांचे अर्धे तोंड हसले. उरलेले अर्धे हसू शकत नव्हते, तरी ते हसू खोलीभर पसरले.

निबंधक परतले तेव्हा त्यांना हा सगळा प्रकार सांगितला. त्यांचा विश्वास बसेना. “हे गृहस्थ सांगतील ते मी खरं कसं मानू? तुमच्याच बाजूचे असतील.”

“मी? ह्याच्या बाजूचा?” संगप्पा उसळले. “साहेब, मी ह्याचा वैरी हाय! अख्ख्या मोंढ्यात विचारा!”

“खरं आहे,” राजशेखर नाइलाजाने म्हणाला. “आमच्या घरी यांचं नाव काढायची चोरी होती.”

निबंधकांनी खिशातून चिठ्ठी काढली, तिच्यावर एक आकडा लिहिला आणि संगप्पांकडे पाठ करून ती फक्त अमृतरावांच्या डोळ्यांसमोर धरली. दस्ती हलली. “सत्तेचाळीस,” संगप्पा म्हणाले. निबंधकांनी दुसरी चिठ्ठी लिहिली. “बाराशे सहा. आणि साहेब, तो म्हणतो सोपं काढून राहिलेत.”

सहायक कॅमेरा सोडून पुढे वाकला. निबंधकांच्या कपाळावरची आठी विरघळली. पण माणूस पक्का नियमाचा. “हो आणि नाही कसं सांगतात, ते मला शिकवा. हात मी स्वतः धरतो.”

संगप्पांनी शपथेवर खुणा सांगितल्या, आणि नोंदणी खात्याच्या त्या अधिकाऱ्याने शर्टाची बाही वर सरकवून मोंढ्याच्या दस्तीखाली हात घातला.

“हे माझं घर आहे?” हात झटकला गेला. “तुमची पत्नी हयात आहे?” हात हळूच सुटला. “मुलाला मुखत्यार नेमायचं?” झटका. राजशेखर खाली पाहू लागला. “मुलीला, रुद्राणीला, मुखत्यार नेमायचं?”

रुद्राणीने डोळे मिटले.

निबंधक गोंधळून म्हणाले, “झटकला.”

शिल्पाताई खुर्चीतून उठल्या. “परत विचारा साहेब.” परत विचारले, आणि हात परत झटकला, पहिल्यापेक्षा जोराने. ज्याच्यासाठी ऊर फुटेस्तोवर धावले, तोच नको म्हणतो? वीस वर्षे ज्या गादीवर बसले, ती फक्त बसण्यापुरतीच होती? तिला रडू येत नव्हते. संताप येत होता. “अप्पा!” ती म्हणाली. “अप्पा, मी रुद्राणी!”

अमृतरावांनी डोळे वटारून संगप्पांकडे पाहिले. ‘ये, तूच ये, या लोकांना काही कळत नाही’ अशा अर्थाने. संगप्पांनी पुन्हा हात धरला. “अमृत, पोरीला द्यायचं न्हाई?” झटका. “द्यायचंय?” घट्ट पकड. “मग हा कागद नको का?” पकड आणखी घट्ट झाली. “मृत्युपत्र करायचं?” झटका.

शिल्पाताईंनी कपाळावर हात मारला. “अगं बाई! ऐकलं त्यांनी! त्या दिवशी मी इथं बसून सांगत होते ना, समज गेली की मुखत्यारपत्र रद्दी? सगळं ऐकलंय! अप्पा, म्हणून नको का तुम्हाला?”

संगप्पा वेदनेने ओरडले, “सोड रे, बोट मोडशील! हाव म्हणतोय, हाव!”

“मग काय? आत्ताच देऊन टाकायचंय? बक्षीसपत्र? दुकान आजच मुलीच्या मालकीचं?”

संगप्पांना काही बोलावे लागले नाही. दस्तीच त्यांच्या हातासकट पलंगावरून उचलली गेली होती.

निबंधकांनी मुखत्यारपत्राचा कागद बाजूला सारला. मग म्हणाले, “कायद्यातली ही फट पदवी घेतलेल्यांच्या लक्षात येत नाही. या माणसाला दस्त समजत नाही असं मी लिहिलं, तर मलाच समजत नाही असं होईल. वकीलबाई, नवा दस्त कधी तयार होईल?”

“आत्ता!” शिल्पाताईंनी लॅपटॉप उघडलाही होता.

आणि मग जी धांदल उडाली, तिची सर पोळ्याच्या बाजारालाही यायची नाही. शिल्पाताई टंकत होत्या, रुद्राणी चतुःसीमा सांगत होती. मुद्रांकाचे चलन तिने मोबाइलवरून भरले. घाईत दोनदा चुकले, तिसऱ्यांदा लागले. बापाच्या सांभाळाची अट शिल्पाताईंनी आपणहून घातली. ती वाचून दाखवली तेव्हा दस्तीखालचा हात पुन्हा झटकला गेला. “आता काय?” सगळे एकदम म्हणाले.

संगप्पांनी डोळे बारीक केले. “थांबा, हा घासाघीस करून राहिला. अमृत, औषधपाणी? न्हाई. काशी-श्रीशैल? न्हाई. बरं, मग... गादी? तुला गादीवर बसायचंय?” पकड. “रोज?” पकड. “वकीलबाई, लिहा. ह्याला रोज दुकानात नेऊन गादीवर बसवायचं. त्याशिवाय हा सौदा पक्का करणार न्हाई.”

“लिहिते,” शिल्पाताई हसत म्हणाल्या, आणि ती अट खरोखरच दस्तात लिहिली गेली.

छपाईच्या वेळी वीज गेली. वीज नेमकी अशाच वेळी जाते. नागरिकाच्या हाती काही लागत असले की अंधार करायचा, हा आपल्याकडचा अलिखित नियम दिसतो. निबंधकांनी घड्याळ पाहिले. “कार्यालय बंद होण्याच्या आत यंत्रात नोंद गेली पाहिजे.”

“माझ्याकडं इन्व्हर्टर हाय, छपाईयंत्र हाय!” संगप्पा उठले. “चल पोरी. माझ्याच शाईनं माझ्या वैऱ्याचं दुकान छापायची पाळी आली, बघ.” सत्तरी ओलांडलेला तो म्हातारा धोतराचा सोगा वर धरून मोंढ्याच्या रस्त्याने पुढे, आणि पेन ड्राइव्ह मुठीत आवळून अक्का मागे; हमालांनी हातगाड्या थांबवून वाट दिली. येताना ते मुकादम मलप्पाला दुसरा साक्षीदार म्हणून बरोबरच घेऊन आले.

दस्त वाचून झाला. निबंधकांनी दस्तीखाली हात घालून शेवटचे विचारले. हात घट्ट धरला गेला. साक्षीदारांनी सह्या केल्या. शिल्पाताईंनी राजशेखरकडे पाहिले. “तुम्हीही केलीत तर बरं. पुढं वाद नको.”

“मी सही करणार नाही,” तो म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. “पण आडवाही येणार नाही. अर्ज मागे घेतो.” मग तो एकाएकी पलंगापाशी वाकला. दस्तीखाली हात कसा घालायचा हेसुद्धा त्याला ठाऊक नव्हते. त्याने नुसताच बापाचा हात धरला. “अप्पा, माझ्याबरोबर पुण्याला येता?”

हात झटकला गेला.

“मला ओळखता तरी?”

त्या पकडीतून हात सोडवायला त्याला वेळ लागला, किंवा त्याने सोडवला नाही.

उरला अंगठा. सहायकाने यंत्र पुढे केले. अमृतरावांचा डावा अंगठा काचेवर टेकवला. यंत्र लाल झाले. पुन्हा टेकवला, पुन्हा लाल. आयुष्यभर धान्य चोळून, पोत्यांची सुतळी ओढून त्या अंगठ्यावरच्या रेषा झिजल्या होत्या. माणसाने जन्मभर राबावे आणि शेवटी यंत्राने म्हणावे, तुझी ओळख पटत नाही! रुद्राणीने ओल्या फडक्याने अंगठा पुसला. लाल. निबंधकांचे लक्ष घड्याळाकडे आणि बाकी सगळ्यांचे त्या चिमुकल्या दिव्याकडे.

“हात हवेत राहतोय त्यांचा,” सहायक म्हणाला. “त्या बाजूनं कुणीतरी मनगटाखाली आधार द्या.”

त्या बाजूला राजशेखर होता. त्याने बहिणीकडे पाहिले, मग बापाकडे. एक हात मनगटाखाली घेऊन दुसऱ्या हाताने त्याने तो झिजलेला अंगठा काचेवर हलकेच ठेवला.

“थोडं दाबा.”

त्याने दाबला.

दिवा हिरवा झाला. “आला!” सहायक ओरडला, सरकारी माणूस असा ओरडलेला त्या घराने प्रथमच ऐकला. संगप्पांनी मलप्पाच्या पाठीत दणका घातला. शिल्पाताई खुर्चीत कोसळून हसू लागल्या. रुद्राणीने पडद्यावर पाहिले: ‘लिहून घेणार: रुद्राणी अमृतराव बिरादार’. आपले नाव इतके लांब आहे, हे तिच्या आजवर लक्षातच आले नव्हते.

निबंधक बॅग आवरून उतरले. राजशेखर अजून पलंगावरच बसून होता. थोड्या वेळाने त्याने डोळे पुसले आणि म्हणाला, “आता तरी चहा टाक, अक्का.”

“तूच टाक,” चपला शोधत रुद्राणी म्हणाली. “काट्यावर सोयाबीन उभं हाय, माणसं खोळंबलीत. आणि अप्पांना खाली कसं न्यायचं ते चहा पिता पिता इचार करून ठेव. उद्यापासून त्यांना गादीवर बसवायचंय. कागदावर लिहून दिलंय मी.”